वेणीचा सीन

स्पर्धेत भाग घ्यायची कल्पना माझी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सगळ्यांनी ती माझ्या मैत्रिणीची होती असंच धरलं.

अंबडच्या एका खासगी शाळेत मी मराठी शिकवते, ती विज्ञान शिकवते. आम्ही कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. तिचा नवरा पुण्याला नोकरीला, ती इथे सासू-सासऱ्यांजवळ. दिसायला ती माझ्यापेक्षा बरी, हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे आणि त्याची मी सवय करून घेतली होती. केसांची मात्र सवय झाली नाही. तिचे केस कमरेच्या खाली. माझे लेकीच्या वेळच्या बाळंतपणानंतर गळून पातळ झाले ते पुन्हा दाट झालेच नाहीत.

जालन्याच्या एका मंडळाने लघुपटांची स्पर्धा ठेवली होती. शनिवारी सकाळी मोबाइलवर विषय येणार आणि सोमवारी सकाळपर्यंत पाच मिनिटांचा लघुपट लिहून, शूट करून, जोडून पाठवायचा. आधी काढून ठेवलेला एकही शॉट चालणार नाही. मी मैत्रिणीला म्हटलं, मी लिहिते, मीच दिग्दर्शन करते, तू काम कर. ती म्हणाली, "मला कुठं येतंय?" पण दुसऱ्या मिनिटाला कोणती साडी नेसू ते विचारायला लागली. बसस्टँडजवळ फोटो स्टुडिओ चालवणारे चाचा लग्नाचे व्हिडिओ काढतात. ते कॅमेरा घेऊन यायला तयार झाले. शाळेतले पी.टी.चे सर नवऱ्याचं काम करणार होते.

शनिवारी विषय आला : उशीर. आणि अट अशी की लघुपटात कुठेतरी कंगवा दिसलाच पाहिजे.

मला फार विचार करावा लागला नाही. दोन वर्षांपूर्वी मी मोरीत घसरून पडले होते आणि उजवा हात महिनाभर प्लास्टरमध्ये होता. शाळेला जायच्या घाईत माझी वेणी कोण घालणार, हा रोजचा प्रश्न. शेजारची वहिनी येऊन घालून द्यायची. ती आली नाही की मी तशीच केसांना क्लिप लावून जायचे. नवरा एकदा म्हणाला होता, "थोडे कापूनच टाक ना." ते माझ्या मनात रुतून बसलं होतं. तर गोष्ट अशी लिहिली : बायकोचा डावा हात प्लास्टरमध्ये, तिची नोकरीची परीक्षा आहे, बस सुटायची वेळ झाली आहे, आणि नवरा जन्मात पहिल्यांदा तिची वेणी घालतो. वेणी वाकडी होते, बस चुकते, पण ती वाकडी वेणी घेऊनच ती पुढच्या बसने परीक्षेला जाते. बस्स, एवढंच. लिहिताना माझे डोळे भरून आले होते. मला वाटलं, ही गोष्ट आपल्याला जमली.

दुपारी आम्ही माझ्या घरी मैत्रिणीच्या हातावर प्लास्टर चढवलं. मेडिकलमधून पट्ट्या आणून, पाण्यात बुडवून, अगदी खरंखुरं. ते वाळेपर्यंत ती हात पुढे धरून बसली होती, तेवढ्यात पी.टी.च्या सरांचा फोन आला.

"मॅडम, माझं न्हाई जमायचं. वेणीचं घरी सांगितलं अन् बायको न्हाईच म्हणून राह्यली."

आम्ही दोघी पोट धरून हसलो. मैत्रीण म्हणाली, "काय बाई आहे! नुसती वेणी घालायची तर एवढं?" मीही म्हटलं, "नाही तर काय. सरांनी नाटकात काम केलं असतं तर हिनं स्टेज पेटवून दिलं असतं."

तेवढ्यात माझा नवरा कामावरून आला. तो जालन्याला एका बियाणं कंपनीत उगवण तपासायच्या कामाला आहे, रोज मोटारसायकलने जाऊन-येऊन करतो. ओल्या कागदावर चिमट्याने बी मांडायचं, कोंब आलेलं मोजायचं, असलं काम. त्याला दारात पाहून मैत्रीण म्हणाली, "अगं, हे दाजी आहेत की!"

तो घाबरलाच. "मी? मला काय येतंय त्यातलं?"

"काही बोलायचं नाही तुम्हाला," मी म्हणाले. "फक्त वेणी घालायची. ती पण वाकडी."

"वाकडी तर येईलच," तो म्हणाला, आणि आम्ही पुन्हा हसलो. त्या वेळी मला खरंच काही वाटलं नाही. उलट घरातलाच माणूस मिळाला म्हणून बरं वाटलं.

रविवारी सकाळी शूटिंग झालं. लेकीला आजीकडे पाठवलं होतं. खोली आमचीच, आरसा आमचा, कंगवाही माझाच. मैत्रीण माझ्या स्टुलावर बसली, मोकळे केस पाठीवर सोडून. चाचांनी खिडकीचा पडदा सरकवून उजेड नीट करून घेतला. मी नवऱ्याला सांगत होते, "आधी खालून विंचरा, मग वर या. गुंता आला की ओढू नका. दुसरा हात वर धरा, म्हणजे तिला ओढ बसणार नाही." हे सगळं मी कागदावर लिहिलेलंच होतं.

पहिल्या वेळी तो लाकडासारखा उभा राहिला. कंगवा हातात असा धरला की जणू सापच आहे. मैत्रीण म्हणाली, "दाजी, घाबरू नका, मी खात नाही." दुसऱ्या वेळी जरा बरं झालं. तिसऱ्या वेळी काय झालं मला कळलं नाही. त्याचे हात सैल झाले. बी मांडताना होत असतील तसे. त्याने केसांचे तीन पेड केले, एक निसटला, तो पुन्हा धरला. तिने मान वळवली तर तो हलक्या आवाजात म्हणाला, "ए, हलू नको ना. झालंच."

हे वाक्य मी लिहिलेलं नव्हतं.

लग्नाला अकरा वर्षं झाली, मला तो "ऐकतीस का" म्हणतो, लेकीच्या नावाने हाक मारतो, कधी काहीच म्हणत नाही. 'ए' असं त्याने मला कधी म्हटलेलं मला आठवेना. मग त्याने तिच्या कानाजवळची बट बोटाने मागे सारली. तेही मी लिहिलेलं नव्हतं. आणि मैत्रिणीने डोळे मिटले. इतके सहज, जणू रोजचंच आहे.

"कट!" मी ओरडले.

चाचांनी कॅमेऱ्यातून डोकं वर काढलं. "मॅडम, क्यूं रोके? बिलकुल बराबर चल रहा था."

"पंख्याचा आवाज येतोय."

चाचांनी वर पाहिलं. "पंखा तो बंद है."

मी म्हटलं, बाहेरून आला असेल. मैत्रीण आरशातून माझ्याकडे पाहत होती, म्हणून मी कागदात डोकं घातलं. मला वाटत होतं की गोष्टच बदलावी, वेणी काढून टाकावी, तिने एका हाताने कसाबसा कंगवा फिरवावा आणि निघावं. पण बसस्टँडवरचे शॉट अजून बाकी होते, पुढे जोडायचं काम होतं, नवीन गोष्टीला वेळ कुठून आणणार? शिवाय मला दिसत होतं की मघाशी जे झालं तेच बरोबर होतं. ते मला पाहिजेच होतं. म्हणून मीच नवऱ्याला सांगितलं, "मघाशी केलं तसंच करा. ती बट मागे सारली तेही."

"तसंच?" त्याने विचारलं.

"हो. आणि ते 'हलू नको'सुद्धा म्हणा."

आणि मी हात बांधून समोर उभी राहून ते पूर्ण पाहिलं. ह्या वेळी मी मध्येच थांबवलं नाही.

बसस्टँडवरचे शॉट उरकून दुपारी चाचांच्या स्टुडिओत जोडणीला बसलो. भिंतीवर सगळीकडे नवरा-नवरीचे फोटो, आणि समोरच्या पडद्यावर माझा नवरा दुसरीचे केस विंचरतोय. चाचा तो तुकडा पुढे-मागे करत होते. मी म्हटलं, "चाचा, बटेचा शॉट काढून टाकला तर?"

"निकाल सकते," चाचा म्हणाले. "फिर पिक्चर में बचेगा क्या? बस चुकली, इतनाच?"

शॉट राहिला. रात्री उशिरा आम्ही लघुपट पाठवून दिला.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "कसं झालं?"

"चांगलं झालं. तुम्हाला बरंच येतं की."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. माझा हात मोडला होता तेव्हा नव्हतं येत, एवढंच."

तो चपला काढत होता, तो तसाच थांबला. "मी आल्तो की कंगवा घेऊन. तूच म्हणलीस, हे तुमचं काम न्हाई, वहिनीला बोलवा."

"मी असं म्हणाले?"

"मंग? मी उभा होतो न्हाणीच्या दारात. तू म्हणलीस, उशीर होऊन राह्यला, जल्दी वहिनीला हाक मारा."

मला हे काही केल्या आठवत नाही. आजही नाही. तो खोटं बोलणारा माणूस नाही, पण मला केस कापून टाक म्हणालेलं त्यालाही आठवत नव्हतं. "मी असं कशाला म्हणेन?" म्हणाला. आम्ही दोघंही आपापल्या आठवणीवर ठाम होतो. शेवटी तो म्हणाला, "अन् इथं तर तू सांगितलं, हात कुठं ठेवायचा, कसं विंचरायचं. तसं केलं. तुझंच ऐकलं ना?"

"आणि 'ए' म्हणायला कुणी सांगितलं?"

"ते काय माहीत कसं आलं तोंडातून," तो म्हणाला. ह्या उत्तराने मला बरं वाटायला हवं होतं की वाईट, ते मला ठरवता आलं नाही.

मैत्रिणीशी मी त्या आठवड्यात नीट बोलले नाही. प्लास्टर काढताना तिच्या हाताची लव ओढली गेली म्हणून ती हात दाखवत होती, मी "हो का" म्हणून वह्या तपासत बसले. तिचा काही दोष नव्हता. ती तर नेहमीसारखा डबा उघडून अर्धा माझ्यापुढे सरकवायची. मी तो खायचेही. खाता खाता तिच्या वेणीकडे पाहायचे.

निकाल जालन्याच्या एका सभागृहात होता. सगळे लघुपट मोठ्या पडद्यावर दाखवले. आमचा लागला तेव्हा वेणीच्या सीनला अख्खं सभागृह शांत झालं. तो 'हलू नको' म्हणाला तेव्हा मागे कुणीतरी बाई "अगं बाई" असं हळूच म्हणाली. ते मी केलं होतं, आणि तरी मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. नवरा माझ्या डाव्या बाजूला मान खाली घालून बसला होता. मैत्रीण उजव्या बाजूला, तिने माझा हात धरलेला.

अभिनेत्रीचं बक्षीस मैत्रिणीला मिळालं. लेखन-दिग्दर्शनाचं बक्षीस मंठ्याकडच्या एका टीमला गेलं. परीक्षकांनी मैत्रिणीला मंचावर बोलावून माइकवर विचारलं, "दोघांमधलं नातं इतकं खरं वाटलं, तुम्ही खरेच नवरा-बायको आहात का?"

सभागृह हसलं. मैत्रीणही हसली. "नाही हो," ती म्हणाली, "बायको ती बसलीय." आणि तिने माझ्याकडे बोट दाखवलं. सगळ्यांनी वळून पाहिलं. मी हसले. काय हसले असेन, देव जाणे. मी लेखिका आहे, दिग्दर्शक आहे, हे तिने पुढच्या वाक्यात सांगितलं खरं, पण तोवर लोक टाळ्या वाजवायला लागले होते.

परतताना अंबडच्या रस्त्यावर मी मोटारसायकलवर मागे बसले होते. वाऱ्याने माझे केस तोंडावर येत होते. नवऱ्याने विचारलं, "तुला बक्षीस न्हाई भेटलं म्हणून बसलीस का गप्प?"

"हो," मी म्हटलं. ते सोपं होतं, आणि थोडं खरंही होतं.

मंडळाने मग सगळे लघुपट मोबाइलवर पाहता येतील असे टाकले, आणि आमचा अंबडमध्ये बराच फिरला. माझ्या पाठांतराच्या तासाला मुली विचारायच्या, "बाई, तुमच्या सरांनी खरंच वेणी घातली?" मैत्रिणीच्या नवऱ्याने पुण्याहून फोन करून तिला चिडवलं म्हणे, की मी आलो की मलाही शिकव. तिने हे मला हसत सांगितलं. तिच्या नवऱ्याला हसू आलं, आणि मला का येत नाही, असा विचार करत मी तासाला गेले.

मागच्या महिन्यात आम्ही दोघं आठवडी बाजारात गेलो होतो. मेथीवाल्याने माझ्या नवऱ्याला ओळखलं. "पिक्चरवाले साहेब ना तुम्ही?" म्हणत दोन काड्या जास्त टाकल्या, आणि मग विचारलं, "वहिनी न्हाई आल्या का आज?"

मी पिशवी धरून शेजारीच उभी होते.

"ह्याच वहिनी," नवरा म्हणाला.

मेथीवाला गोंधळला. "मंग पिक्चरमधल्या त्या..."

"ती माझी मैत्रीण," मी नवऱ्याच्या आधी बोलले. "आणि पिक्चर मी काढलाय. ती वेणी कशी घालायची ते ह्यांना मी सांगितलं होतं."

"असं होय," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. नवरा मात्र हसायला लागला. टोमॅटोच्या ढिगापर्यंत तो हसत होता, आणि मी पिशवी त्याच्या हातात देऊन विचारलं, "काय झालं एवढं हसायला?" तर म्हणाला, काही न्हाई. मी टोमॅटो निवडत राहिले, पण माझं सगळं लक्ष तो नक्की कशाला हसतोय तिकडेच होतं.