कँटीनमधलं सल्ला केंद्र

सरकारी कारखान्याला टाळं लागलं तेव्हा नियोजन विभागातल्या बाईंची बावीस वर्षं नोकरी झाली होती. वर्षभरात कारखान्याच्या जुन्या कँटीनला रंग देऊन तिथे उद्योग सल्ला केंद्र उघडलं आणि बाईंना सल्लागार म्हणून घेतलं. त्यांनी उभ्या आयुष्यात टाचणीसुद्धा विकली नव्हती. तीन आठवड्यांचं प्रशिक्षण घेऊन त्या बेकार झालेल्यांना धंद्याची वाट दाखवायला बसल्या.

सूतभर मास्तर पहिल्याच महिन्यात आले. त्याच कारखान्यातले लेथवरचे कारागीर. नुसतं बोट फिरवून ‘सूतभर जास्त आहे’ म्हणायचे आणि मोजलं की तेवढंच निघायचं, म्हणून हे नाव. भावाने त्यांना दुसऱ्या शहरात कामाला बोलावलं होतं. जावं की नाही, एवढंच विचारायला आले होते. बाईंनी त्यांना थांबवलं. तुमच्या हाताला तोड नाही, दारांच्या बिजागऱ्या करा, चांगल्या मालाला गिऱ्हाईक मिळतंच, असं सांगितलं. कर्जाचा अर्ज, आराखडा, सगळं स्वतः लिहून दिलं. मास्तरांनी घराच्या पुढच्या खोलीत लेथ बसवला आणि नवरा-बायको स्वयंपाकघरात झोपू लागली. केंद्राचा फोटोवाला येऊन फोटो काढून गेला.

आठ महिन्यांत स्वस्त परदेशी बिजागऱ्यांनी बाजार भरला. मास्तर केंद्रात येऊन बसत. बाई कधी जाहिरात सुचवत, कधी नवी खोकी. एकदा मास्तरांनी स्वतःची बिजागरी आणि बाहेरची, दोन्ही टेबलावर ठेवल्या.

“दुकानदाराला म्हटलं, ही बाहेरची दोन वर्षांत कुरकुरेल. तो म्हणतो, दोन वर्षं कुणी बघितलीत?”

 त्यानंतर मास्तर आले नाहीत. लेथ भंगारात गेला आणि भावाकडची जागाही तोवर भरली होती.

केंद्राची मुदत संपली तेव्हा वरून यशोगाथांची पुस्तिका छापून आली. मुखपृष्ठावर मास्तर होते, लेथला हात लावून हसणारे. बाई ती पुस्तिका घेऊन त्यांच्या घरी गेल्या.

“तुम्हाला जाऊ द्यायला हवं होतं मी,” त्या म्हणाल्या.

मास्तरांनी फोटो पाहिला.

“फोटो खोटा नाही, बाई. त्या दिवशी मी हसतच होतो.”

त्यांची बायको आतून बाहेर आली नाही. दारापर्यंत सोडायला आल्यावर मास्तरांनी विचारलं, आता तुम्ही काय करणार? माहीत नाही, बाई म्हणाल्या. मास्तर काहीतरी सुचवायला गेले आणि थांबले.

घरी येऊन बाई ज्या झोपल्या, त्या दोन दिवस उठल्या नाहीत.