चिंधी बांधलेलं झाड

सौंसरच्या शाळेत मी गणित शिकवतो आणि रविवारी रामाकोन्याला मोठ्या भावाच्या संत्र्याच्या बागेत कोळी शोधत फिरतो. जाळं विणून वाट पाहणारे नव्हेत, उड्या मारणारे. तांदळाच्या दाण्याएवढा जीव, पण मोबाइलला लावलेलं भिंग जवळ नेलं तरी पळत नाही, वळून आपल्याकडेच बघतो. समोर चार डोळे, त्यातले मधले दोन मोठाले. कोण कोणाला निरखतंय तेच कळत नाही.

दिवाळीनंतर एका झाडाच्या बुंध्याशी, सालीच्या फटीत, मला एक मादी सापडली. पांढरा रेशमी कोष विणून ती अंड्यांवर बसली होती. गवताची काडी पुढे केली तर पुढचे पाय उगारून माझ्यावरच धावून आली. मला तिची पिल्लं बाहेर पडताना पाहायची होती. पहिली उडी त्यांना आई शिकवते की ती पोटातूनच येते? त्या पहिल्या उडीचा फोटो हवाच होता.

भाऊ लांबून विचारायचा, तिथं काय करून राहिला? मी ‘काही नाही’ म्हणायचो. सांगितलं असतं तर गावभर हसला असता.

पण बागेत सगळी झाडं सारखीच. दर रविवारी तेच झाड हुडकताना माझं डोकं फिरायचं. तिसऱ्या रविवारी मी वहिनीच्या गाठोड्यातली लाल चिंधी काढली आणि फांदीला बांधली.

पुढच्या रविवारी चिंधी जागेवर होती. बुंधा मात्र गुडघ्यापर्यंत खरवडलेला आणि त्यावर मोरचूद-चुन्याचा निळा लेप. फट नाही, कोष नाही, ती नाही. मी तडक भावावर धावून गेलो, नाही नाही ते बोललो.

त्याने ऐकून घेतलं. “डिंक्या लागलेल्या झाडालेच चिंधी बांधतो न आपण. मले वाटलं, तुले डिंक दिसला. बाकी कामं सोडून आधी तेच झाड केलं.”

बुंध्यातून डिंक गळायला लागला की लेप लावायची खूण म्हणून झाडाला चिंधी बांधायची, हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी वडिलांमागे त्या चिंध्या मीच बांधत फिरलो होतो. स्वतःची इतकी लाज मला क्वचितच वाटली असेल.

मग मी मोबाइल काढून तिचा फोटो त्याच्या हातात दिला. त्याने चष्मा वर करून मोबाइल डोळ्यांजवळ नेला. हसला नाही. कोषात काय होतं तेवढं विचारलं. अंडी, मी म्हणालो.

“सांगाचं होतं न,” मोबाइल परत देत तो म्हणाला. “एक झाड मी तुह्यासाठी सोडलं नसतं काय?”