पोटाशी बांधलेलं खमीर

"कितवा महिना, ओतिलियाबाई?" मागून चढणारा वाटाड्या पोरगा आन्सेल्मो ओरडला.

"तुझ्या बापाला विचार!" जाकिटाआड, पोटाशी शालीने आवळलेली बरणी ओतिलियाने थोपटली.

बरणीत पावाचं खमीर होतं, पाव फुगवणारं आंबवलेलं जिवंत पीठ. डोंगरावरच्या निवाऱ्यातलं खमीर तिथल्या रखवालदार रुफिनोने खिडकीत ठेवून गोठवून मारलं होतं. इकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा; त्या बर्फात वर येणारी माणसं बिस्किटं चघळत बसली होती. उन्हाळ्यात तिथली चूल ओतिलियाचीच, पण हिवाळ्यात "बर्फ बायकांच्या गुडघ्यांना झेपत नाही" म्हणून रुफिनो तिला वर येऊच देत नसे. या खेपेला मात्र त्याला गरज होती. वायरलेसवर तो खेकसला, "जिवंत खमीर घेऊन ये, मग अख्खा हिवाळा चूल तुझी. मेलेलं आणलंस तर आल्या पावली खाली!"

आजवर हिवाळ्यात पांढरा झालेला हा डोंगर तिने पायथ्याच्या एल बोल्सोन गावच्या बाजारात पाव विकताना खालूनच पाहिला होता. आता पायांना जाळीचे रुंद जोडे बांधून ती कोइग्वेच्या झाडांतून अशी सुटली, की आन्सेल्मोला पुढे येऊच देईना.

"अहो, ताज्या बर्फात वाट पाळीपाळीने पाडायची असते! पहिल्याचा दम जातो."

"गेला की सांगेन. बघ तरी, एक पाऊल उमटलेलं नाही! सगळं माझं!"

झाडी संपली, ऊन डोळ्यांत घुसलं, आणि ओतिलिया थबकली.

"काहीतरी ओघळतंय रे."

"घाम असेल."

"घामाला असा आंबूस वास?"

तिने गुंड्या काढल्या. खमीर फडकं ढकलून, शालीवरून, थेट विजारीकडे निघालं होतं! सगळ्यांनी थंडीची भीती घातली होती, आणि हिच्या चढणीच्या उबेनेच ते उतू चाललं होतं.

"बर्फात ठेवा बरणी!"

"म्हणजे मीही रुफिनोच!"

तिने जाकीट सताड उघडलं आणि वाऱ्यात तशीच चालू लागली. "हात लावून बघ, गार झाली का?"

"कुठे लावू?" आन्सेल्मो लाजून आकाशाकडे बघत होता.

"बरणीला, गाढवा!"

"गार! बंद करा!"

थोड्या वेळाने, "कोमट! उघडा!" असं करत, दात वाजवत, हसत दोघं वर पोचली.

दारात फावडं घेऊन रुफिनो उभा. छातीपासून गुडघ्यापर्यंत पीठ माखलेली बाई त्याने पाहिली, मग बरणीत डोकावला. "ही तर रिकामी आहे!"

ओतिलियाने तळातून बोटभर खरवडून वाटीतल्या कोमट पाण्यात पिठासोबत कालवलं आणि वाटी चुलीजवळ ठेवली. बिस्किटं चघळणारे भोवती जमले. बऱ्याच वेळाने वाटीत एक बुडबुडा आला. मग दुसरा.

"जिवंत आहे!" आन्सेल्मोने टोपीच उडवली.

रुफिनोने चुलीजवळची आपली खुर्ची उचलली. "कुठे ठेवू?"

"तिकडे, भिंतीशी. आणि येताना पीठ चाळून आण."