ओठ ओले झाले, बास

पाण्याचा गिलास ती ओठाला लावायची, चिमणीएवढा घोट घ्यायची आणि खाली ठेवायची. "ओठ ओले झाले, बास."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जालन्याच्या एमआयडीसीत, बियाण्याच्या कारखान्यात, पत्र्याच्या शेडखाली आम्ही बायका बी निवडायला बसायचो. वयानं ती मोठी, म्हणून सगळ्यांची मावशी.

तुम्ही म्हणाल, पाण्यावर एवढा कसला राग? राग नव्हता हो. संडास एकच, तोही ऑफिसातल्या पुरुषांचा. मागं बाभळींपाशी हमाल बिड्या ओढत बसलेले. सकाळी टेम्पोतून उतरलेली बाई संध्याकाळी घरी जाऊनच मोकळी व्हायची.

"उंटीण हायेस का गं तू?" मी चिडवायचे.

"उंटिणीला आडोसा लागत न्हाई, बाई," म्हणायची आणि स्वतःच खो खो हसायची.

दुसरीला लघवीला जळजळ होते असं नुसतं कानावर आलं, की मावशी धण्याचं पाणी घेऊन हजर. "उन्हाळी लागली तुला. पी गपचिप." पिणारीला जावं लागलं, तर बाभळीमागं लुगडं पसरून हीच आडोशाला उभी. मी म्हणायचे, "तुझ्यासाठी मी धरते." तर म्हणे, "न्हाई गं. कुणी जवळ असलं की मला होतच न्हाई."

मग ऐन थंडीत तिलाच उन्हाळी लागली. मी ओढतच तिला नवीन जालन्यात डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी लघवी तपासली, जंतू आहेत म्हणाले, गोळ्या दिल्या. "आराम पडला तरी सगळ्या संपवा. पाणी भरपूर प्या."

दोन दिवसांत जळजळ थांबली. तिसऱ्या दिवशी बाई शेडमध्ये उरलेल्या गोळ्या कात्रीनं कापून वाटत होती. "मला बराबर वाटून राह्यलंय. ह्या कशाला वाया घालू? उन्हाळी तर सगळ्यींनाच हाय."

मी डोक्याला हात लावला. "अगं माय, पेढे हायेत का ते?"

दुखणं फिरून फिरून आलं. दरवेळी दोन दिवस गोळ्या, मग वाटप. मी भांडायचे, ती हसायची. उन्हाळ्यात मात्र पाठीत कळ निघाली, थंडी वाजून ताप चढला, उलट्या थांबेनात. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जंतू मूत्रपिंडात चढलेत, रक्तातही पसरलेत. सलाईन लावली, लघवीला नळी लावली. रात्री उलट्या थांबल्या.

तिनं खाटेला लटकवलेल्या पिशवीकडं पाहिलं. "ही नळी आपोआप नेती का सगळं?"

"हो."

"उठून जायचं काम न्हाई?"

"न्हाई."

"मंग दे पाणी. पोटभर दे."

लावून घ्यायला एक दार, एवढंच लागत होतं या बाईला. तेवढं मिळालं नाही याचा मला आजही संताप येतो.

नर्सला विचारून मी गिलास भरला. तिनं तो तळापर्यंत संपवला, दुसरा मागितला, तोही संपवला. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "किती गोड लागतं गं."

सकाळी ती गेली.