आवणीला गेलेल्या दोघी

ये, इकडे जवळ बस. आणि हे पत्र उभ्याउभ्या वाचायचं नाही, सांगून ठेवते. तुझी खोड मला ठाऊक आहे, काहीही हातात आलं की दारातच अर्धं वाचायचं आणि फ्रिजवर ठेवून द्यायचं. दोन वर्षं झाली, तू नाशिकला आली नाहीस. फोनवर "हो आई, बरं आई" करतेस आणि ठेवून देतेस. मग मी लिहू नाहीतर काय करू?

परवा तुझ्या लेकीने फोन उचलला. टीव्हीवर परदेशातलं बास्केटबॉल लागलं होतं म्हणे. मला विचारते, "आजी, एका टीमने दुसरीला सीझनमध्ये चारही वेळा हरवलं असेल, तर प्लेऑफच्या सिरीजमध्येही तीच जिंकणार ना?" मी म्हटलं, "थांब गं, भाजी करपतेय," आणि फोन ठेवला. गॅसवर भाजी नव्हती, काही नव्हतं. त्या पोरीला काय माहीत तिने कुठे हात घातला ते. तुलाही माहीत नाही. चौदा वर्षं मी ते तुझ्यापासून लपवलं.

तुझं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. आपल्या क्लबकडून तू जिल्ह्याची बास्केटबॉल लीग खेळत होतीस. पावसाळाभर लीग चालायची, पहिले दोन संघ दिवाळीनंतर अंतिम मालिका खेळायचे, तीन सामन्यांत दोन जिंकायचे. तुमचे सर घरी येऊन सांगून गेले होते, जिंकणारा संघ राज्याला जातो, आणि राज्याला खेळल्याचं सर्टिफिकेट असलं की रेल्वेच्या खेळाडू भरतीत अर्ज भरता येतो. तू म्हणालीस, "आई, नोकरी लागली की पासवर तुला काशीला नेईन." मी म्हटलं, "काशी राहू दे, आधी भुसावळला ने, माझी मैत्रीण आहे तिथे." किती हसलो होतो आपण.

त्याच आठवड्यात तुझी आत्या आली, नाशकातल्याच द्वारकेवरून रिक्षा करून. माझी थोरली नणंद. बाहेर चप्पल काढता काढताच सुरू झाली, "पोरगी वीस वर्षांची झाली आणि अजून अर्ध्या चड्डीत उड्या मारतेय. सायखेड्याचं घर आहे, मुलगा सुरतेला कंपनीत. असं स्थळ आपल्या दारात उभं राहून वाट बघत नाही."

"ताई, तिची फायनल होऊ द्या. राज्याला जाणार आहे ती."

"जाणार कशावरून?"

मी उठले आणि खिळ्यावरचं कॅलेंडर काढून तिच्या मांडीवर ठेवलं. गॅसची टाकी लावली की तारखेला फुली मारायचे ना मी, त्याच कॅलेंडरवर तुझे सगळे सामने लिहिलेले होते. फायनलला समोर येणार होता इगतपुरीचा संघ. "बघा. चार वेळा गाठ पडली, चारही वेळा हरवलं. एकदा तर त्यांना निम्मेसुद्धा गुण करू दिले नाहीत."

"आणि हरली तर?"

"हरली तर मी स्वतः पोहे टाकते पाहुण्यांसाठी. हूं की चूं करणार नाही. पण जिंकली, तर दोन वर्षं या घरात स्थळाचं नाव काढायचं नाही."

"देवापुढे बोल," आत्या म्हणाली. मी बोलले. तिने पिशवीतून सुपारी काढून देवघरात ठेवली, शब्दाची. तुझे बाबा आतून म्हणाले, "अगं, पण पोरीला कोणी विचारलं का?" आम्ही दोघींनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. त्या घरात ते एवढं एकच शहाणपणाचं वाक्य होतं.

आता माझी चूक सांगते. कॅलेंडरवर गुण होते, माणसं नव्हती. लीगला इगतपुरीच्या मुली सकाळच्या गाडीने यायच्या, सहाच. त्यांचं मैदान पावसाळाभर शेवाळलेलं, पाय ठेवला की घसरायचं, म्हणून चारही सामने आपल्याच मैदानावर झाले. आपण गोणपाटाने पाणी टिपायचो आणि त्या बिचाऱ्या ओल्या केसांनी उभ्या असायच्या. मी त्यांच्या बाईंना विचारलंही होतं, "एवढ्याच मुली?"

"अजून दोघी बहिणी आहेत हो," बाई म्हणाल्या. "आवणीला गेल्यात. भात लावून झाल्याशिवाय घरचे सोडत नाहीत. मग निंदणी असते."

मी त्यांना चहा दिला. हळहळले. आणि विसरले. माझं माहेर त्याच पट्ट्यातलं. लग्नाआधी सात पावसाळे मी चिखलात वाकून भात लावला आहे. दिवाळीपर्यंत शेतातली कामं उरकतात आणि माणसं मोकळी होतात, हे मला कोणी सांगायला हवं होतं? पण मी चार विजय मोजत बसले होते.

पहिल्या सामन्याला त्या दोघी आल्या. आठवतं ना? सावळ्या, तुमच्यातल्या सगळ्यात उंच मुलीच्याही वर टीचभर. बूट जुने, एकीच्या तर मापाचेही नव्हते. त्या मैदानात उतरल्या आणि मला बाईंचं ते आवणीचं बोलणं आठवलं. तुम्ही जिंकलात, पण कशाबशा. सगळ्या मुली नाचत होत्या आणि मी बाकावरून त्या दोघींकडेच बघत होते. तू येऊन म्हणालीस, "आई, पाच झाले," आणि पंजा दाखवलास. मी हसले. कसं हसले, माझं मला माहीत.

दुसरा सामना त्यांच्याकडे. पॅसेंजरने गेलो, तुमच्या घोळक्यात मी एकटीच म्हातारी. त्यांचं सगळं गाव मैदानाभोवती, पोरं झाडावर. तुम्हाला तिथला एक कोपरा खचलेला आहे हेही माहीत नव्हतं, चेंडू तिथे आपटला की उसळायचाच नाही. त्यांना पाठ होतं. हरलात, आणि चांगल्याच हरलात. परत येताना तू खिडकीशी बसून मलाच समजावत होतीस, "पाचास एक आहे आई. तिसरा आपल्या मैदानावर. हिशोब आपल्या बाजूने आहे." मी मान हलवत राहिले. त्या दोघी दमत नव्हत्या, हे मी पाहिलं होतं. शेवटच्या मिनिटालाही पहिल्या मिनिटासारख्या पळत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी द्वारकेला गेले. तुला सांगितलं, पीठ गिरणीत आहे म्हणून. आत्या तांदूळ निवडत होती. मी तिच्या पायाशी बसले, खरंच बसले. म्हटलं, "ताई, ती सुपारी उचला. माझं चुकलं. पोरीच्या आयुष्यावर मी बोलायला नको होतं."

तिने सूप खाली ठेवलं. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाली, "अजून एक सामना आहे. आत्ताच शब्द मागे घेतेस, म्हणजे तुझाच तुझ्या पोरीवर भरवसा नाही. जा, तसं तिला सांग. मग मी उचलते."

मी उठून आले. कसं सांगणार होते? तू अंगणात भिंतीवर चेंडू मारत होतीस, डावा हात, उजवा हात. मला बघून म्हणालीस, "पीठ कुठंय?"

तिसरा सामना तुला मी काय सांगू. तू त्या दोघींतल्या थोरलीला अडवून होतीस, आणि चौथा फाउल झाल्यावर सरांनी तुला बसवायला हवं होतं. पाचवा झाला, म्हणजे खेळातून बाहेरच. शिट्टी वाजली, तू बाहेर आलीस आणि माझ्या शेजारी बाकावर बसलीस. चार मिनिटं उरली होती आणि तुम्ही दोन गुणांनी पुढे होतात. तू टॉवेल तोंडात धरला होतास. मी मनातल्या मनात सगळे देव पाण्यात घातले. "आई, त्या दमत का नाहीत गं?" तू विचारलंस. मला उत्तर माहीत होतं. दिवसभर कमरेत वाकून, गुडघाभर चिखलात उलटं चालत जाणाऱ्या बायांचे पाय असेच होतात. मी म्हटलं, "माहीत नाही." एका बास्केटने हरलात.

पाहुणे पुढच्याच रविवारी आले. पोहे मीच टाकले. तुझ्या बोटाला अजून चिकटपट्टी होती, ट्रे धरताना दिसत होती. आदल्या दिवशी तू मला विचारलंस, "एवढी घाई कशाला? पुढच्या वर्षीही लीग आहे." तेव्हा खरं सांगायची वेळ होती. मी म्हटलं, "बाबांनी ठरवलंय."

बाबा शेजारच्या खोलीत होते. त्यांनी ऐकलं. बाहेर येऊन ते काहीही बोलले नाहीत, पुढेही कधी नाही. जावई चांगले निघाले, ते तुझं नशीब, माझा शहाणपणा नाही. पण तू बाबांशी मोकळेपणाने बोलायची थांबलीस. सुरतेहून फोन आला की ते रिसीव्हर माझ्या हातात द्यायचे, म्हणायचे, "तुझ्याशीच बोलेल ती." दोन वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हा तू तेराव्यापर्यंतही थांबली नाहीस. मी तेव्हाही गप्प बसले. तुझा राग माझ्यावर यायला हवा होता, तो त्या माणसाने अंगावर घेतला आणि मी घेऊ दिला. हे सांगायला मला कुठे तोंड आहे, पण आता घरात हे सांगणारं दुसरं कोणीच उरलं नाही.

तुझ्या लेकीला माझ्यातर्फे सांग, चार वेळा हरवलं म्हणजे काही कळत नाही. त्या चार वेळा समोर कोण उभं होतं आणि कोण घरी राहिलं होतं, ते आधी विचार म्हणावं.

आणि तू ये. मे महिन्याच्या सुट्टीची वाट बघू नकोस, रविवार धरून ये, पोरीलाही आण. भांडायचं असेल तर भांडायला ये, बोलायचं नसेल तर गप्प बस येऊन. बाबांचा फोटो पुढच्या खोलीत लावलाय. त्यांच्यासमोर तुला हे तोंडाने सांगायचंय, तेवढ्यासाठी तरी लवकर ये.