समोरच्यांनी नोंद घ्यावी

बुधवार पेठेतल्या आमच्या गल्लीत अमेरिका डाव्या हाताला होती आणि रशिया उजव्या. मध्ये जेमतेम एक हातगाडी जाईल एवढी वाट. गल्लीच्या टोकाला माझं दोरे, बटणं, हुक आणि लेसचं दुकान, त्यामुळे दोन्ही महासत्ता मला गल्ल्यावर बसल्या बसल्या दिसायच्या. जगाची चिंता वाहणारे पुरुष मी फार जवळून पाहिलेत. चहा गार होतो त्यांचा, बाकी काही होत नाही.

अमेरिका म्हणजे श्रीनिवास आगाशे. रेडिओ दुरुस्तीचं दुकान, लग्न केलं नाही, राहायला दुकानाच्या वरच. रशिया म्हणजे हिंदुराव शेळके. मूळचे कराडकडचे, धंदा बुकबाइंडिंगचा. दाराशी फळीवर रशियातून आलेली पुस्तकं विकायला ठेवलेली असत, गुळगुळीत कागदाची आणि मातीमोल किमतीची. लोक ती मुलांसाठी चित्रं बघून नेत. हिंदुरावांना वाटे, क्रांती घरोघर चालली आहे.

दोघांच्या दारावर एकेक फळा. पुण्यात फळा लावायला काही कारण लागत नाही, खिळा असला की पुरतो. हिंदुराव आदल्या संध्याकाळी मॉस्को रेडिओच्या हिंदी बातम्या ऐकत आणि सकाळी त्यांतली एक फळ्यावर लिहीत. आगाशे व्हॉईस ऑफ अमेरिका ऐकत आणि लिहीत. खाली शेवटची ओळ दोघांचीही एकच, ‘समोरच्यांनी नोंद घ्यावी.’ बासष्ट साली कॅरिबियन समुद्रात ती क्षेपणास्त्रांची भानगड झाली तेव्हापासूनचं हे. त्याआधी दोघं एकमेकांशी बोलत असत म्हणे. मी लग्न होऊन आले तेव्हा तोंडी बोलणं बंद होतं आणि लेखी जोरात होतं. समोरच्याच्या फळ्याला हात लावायचा नाही आणि समोरच्याची पायरी चढायची नाही, एवढे दोन नियम. ते मात्र दोघांनी देवासारखे पाळले.

चंद्रावर माणूस उतरला तेव्हा आगाशांनी गल्लीभर पेढे वाटले. हिंदुरावांच्या वाटणीचा माझ्याकडे ठेवून गेले. हिंदुरावांनी तो खाल्ला, हात धुतले आणि लिहिलं, ‘पेढा बरा होता. अंतराळात पहिला कोण गेला ते समोरच्यांनी आठवावे.’ एकाहत्तरच्या युद्धात अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालं, तेव्हा अख्खी गल्ली उजवीकडे झुकली. आगाशांकडे कोणी रेडिओ दुरुस्तीला टाकेना. तरी फळा लिहिलाच त्यांनी, ‘जहाज निघाले म्हणजे पोचले असे नव्हे.’ तासाभरात समोरून उत्तर, ‘समोरच्यांनी पोहायला शिकून ठेवावे.’ मी पदर तोंडाला लावून हसले होते.

पण हिंदुरावांची बायको गेली त्या सकाळी आगाशांनी फळा स्वच्छ पुसला आणि मधोमध लिहिलं, ‘आज मजकूर नाही.’ खालची नेहमीची ओळसुद्धा नाही. तेराव्यापर्यंत ते तसंच ठेवलं. पुढे आगाशांची आई गेली, तेव्हा हिंदुरावांनी तेच शब्द लिहिले. भेटायला कोणी कोणाकडे गेलं नाही. मला तेव्हा रागच आला होता. चार पावलांवर माणूस रडतोय आणि तुम्ही खडू कसले उगाळता? आता वाटतं, त्या दोघांना तेवढंच येत होतं.

मग एक्क्याण्णव साल आलं. इकडे आपल्याकडे बाजार खुला झाला, आणि वर्ष सरता सरता तिकडे रशियाचे तुकडे झाले. आगाशांनी ही संधी तीस वर्षं जपून ठेवलेली. रंगीत खडू आणले, फळ्याला वेलबुट्टी काढली आणि सुबक अक्षरात लिहिलं, ‘दुकान कायमचे बंद. मालक बेपत्ता. समोरच्यांनी नोंद घ्यावी.’ जाणारा-येणारा हसत होता. आगाशे खुर्ची बाहेर टाकून बसले. उत्तर कसं येईल, किती झोंबेल, त्यावर आपण काय लिहायचं, सगळं मनात तयार असणार त्यांच्या.

हिंदुराव आले, कुलूप काढलं, समोरचा फळा वाचला. खडू घेऊन बराच वेळ उभे राहिले. मग एकच ओळ लिहिली आणि आत जाऊन काम करत बसले.

‘समोरच्यांचे बरोबर होते.’

आगाशे माझ्या दुकानात आले. चेहरा पडलेला. “वहिनी, हे काय लिहिलंय त्यांनी?”

“तुम्ही जिंकलात, असं लिहिलंय.”

“ते मला वाचता येतं. पण असं कोणी लिहितं का?”

त्यानंतर हिंदुरावांनी खडूला हात लावला नाही. रशियाची पुस्तकं यायची बंद झाली होती, वह्या आता कारखान्यातून शिवून येत होत्या. वर्षाच्या आत त्यांनी दुकान विकलं आणि कात्रजला, डेअरीच्या मागच्या बाजूला लेकीकडे राहायला गेले. जाताना मला म्हणाले, “येतो वहिनी. सांभाळून ऱ्हावा.” आगाशे काउंटरमागे मान खाली घालून एका ट्रान्झिस्टरला सोल्डरचा डाग देत होते. तो ट्रान्झिस्टर दुरुस्त होऊन आठवडा झाला होता, मला माहीत होतं.

अमेरिका जिंकली आणि आमच्या गल्लीत राहायला आली. रेडिओची दुकानं गेली, कॅसेटची गेली, सगळीकडे कॉम्प्युटरचे सुटे भाग. हिंदुरावांच्या जागेत शंभू नावाच्या यवतमाळच्या पोराने माऊस आणि कीबोर्डांचं दुकान थाटलं. आगाशांना खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण अमेरिकेची बाजू मांडायची कुणापुढे? सगळेच तिकडे निघालेले. त्यांची बातमी सांगायला आता केबल होती, टीव्ही होता. तरी ते रोज फळा लिहीत. कोणी वाचत नसे. मी वाचायची, पण मी वाचल्याने त्यांचं भागत नव्हतं.

फार एकटे पडले हो. दुरुस्तीला कोणी येत नव्हतं. दुपारी पंख्याखाली नुसते बसायचे आणि नजर समोर. मी एकदा म्हटलंही, “कात्रज काही मॉस्को नाही. बस जाते.” त्यावर, “मी का जाऊ? शस्त्र त्यांनी टाकलंय.” पुरुष म्हातारे होतात, शहाणे होत नाहीत.

मग अमेरिकेने इराकवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी आगाशांच्या फळ्यावर मी वाचलं ते मला दोनदा वाचावं लागलं, ‘सोव्हिएत संघ असता तर ही हिंमत झाली नसती. समोरच्यांनी नोंद घ्यावी.’

शंभू घाबराघुबरा होऊन वाट ओलांडून आला. “काका, समोर तर मीच हाय. माझं काही चुकलं का?”

“तुझं काही नाही रे. तू माऊस वीक.”

त्या दिवसापासून आगाशे उलटे फिरले. रोज रशियाची बाजू. अंतराळ, लांब पल्ल्याच्या रेल्वे, फुकट शाळा, हिंदुरावांनी जन्मभर लिहिलेलं सगळं. पण मुद्दाम कुठेतरी चुकीचं लिहीत. गागारिनचं सालच चुकवलं. एवढा हुशार माणूस, त्याला साल माहीत नाही? हिंदुरावांना सहन होणार नाही अशी चूक ते हुडकून काढत होते. कोणीतरी हे कात्रजपर्यंत नेईल आणि तिकडून एक सणसणीत फटका येईल, एवढीच आशा. चार वर्षं काहीही आलं नाही.

आली ती शेफाली. हिंदुरावांची नात, हिंजवडीत नोकरीला, गळ्यात कंपनीचं कार्ड. मैत्रिणीला आजोबांचं जुनं दुकान दाखवायला घेऊन आली होती. आगाशांचा फळा बघून थबकली. “ओ माय गॉड, म्हणजे हे खरंच आहे! आजोबा सांगायचे तर मला वाटायचं फेकतात.” मोबाइल काढला, फोटो घेतला. आगाशे आत स्क्रू शोधण्याचं नाटक करत होते.

पुढच्या शनिवारी ती परत आली. शंभूला म्हणाली, “इथे आजोबांचा एक फळा होता ना?” तो शंभूने मॉनिटरखाली फळी म्हणून घातलेला. काढला, पुसला, जुन्या खिळ्यावर लावला. शेफालीने मोबाइलमध्ये बघून लिहिलं. “अगदी एक्झॅक्ट असंच लिहायचं, असं सांगितलंय त्यांनी.”

‘समोरच्यांनी आमचा मजकूर चोरू नये. चोरलाच तर साल तरी बरोबर चोरावे.’

आगाशे बाहेर येऊन उभे राहिले. वाचलं. आणि हसले. इतके हसले की खोकल्याची उबळ आली आणि मला पाणी न्यावं लागलं. डोळे पुसत म्हणाले, “बघितलंत? अजून धार आहे.”

मग वर्षभर दर शनिवारी हेच. शेफाली यायची, आजोबांचं लिहायची, आगाशांच्या उत्तराचा फोटो घेऊन जायची. आगाशे परत अमेरिकेच्या बाजूला गेले, जोमाने. शुक्रवारी दाढी करायचे. मला वाटलं, चला, सुटला प्रश्न.

एका शनिवारी शेफाली आली ती उशिरा, आणि काही न बोलता लिहायला लागली.

‘तुमच्या अमेरिकेने आमची नात नेली. खुलासा करावा.’

“प्रोजेक्ट न्यू जर्सीला आहे, काका. आधी दोन वर्षं म्हणतायत.” मग हळू आवाजात, “आजोबा काहीच बोलत नाहीत. आई दिवसभर ड्यूटीवर असते. घरात माझ्याशीच बोलायचे ते.” तिने आगाशांना वाकून नमस्कार केला. आशीर्वाद द्यायला हात वर गेला त्यांचा आणि तिथेच राहिला.

पन्नास वर्षांत अमेरिकेची बाजू घ्यायला ज्यांना कधी शब्द कमी पडला नाही, ते आगाशे त्या रात्री जेवले नाहीत. आठवड्याने एका सकाळी मी दुकान उघडलं तर त्यांचा फळा स्वच्छ पुसलेला आणि मधोमध, ‘आज मजकूर नाही.’

धावत गेले. “कोण गेलं?”

“शेफाली,” म्हणाले. “परवा विमानात बसली.”

मी म्हटलं, शंभू फोटो काढेल, तिच्या आईच्या मोबाइलवर पाठवेल. तर म्हणे, “हे फोटोत द्यायचं नसतं, वहिनी. समोर द्यायचं असतं.” फळा जुन्या चादरीत गुंडाळला आणि पंचाहत्तरी उलटलेला तो माणूस फळा काखेत मारून कात्रजच्या बसला उभा राहिला. मला बरं वाटलं. म्हटलं, एकदाची पायरी चढतील.

संध्याकाळी परत आले. फळा काखेत तसाच. मी त्यांना दुकानात बसवलं, चहा दिला आणि विचारलं.

हिंदुराव दुसऱ्या मजल्यावर गॅलरीत बसले होते म्हणे. आगाशांनी रस्त्याच्या पलीकडे एका भिंतीला टेकवून फळा उभा केला आणि चादर काढली. हिंदुरावांनी चष्मा लावला. वाचलं. दोघांचं तोंडी बोलणं बंद होऊन अर्धशतक होत आलेलं. मग वरून आवाज आला, “अक्षर बिघडलंय की वो तुमचं.”

आगाशे खालून म्हणाले, “तुमचे डोळे बिघडलेत.”

“मग पुढं?” मी विचारलं.

“पुढे काय? ते वर, मी खाली. बसलो होतो.”

“दुपारभर? वर बोलावलं नाही त्यांनी?”

“नाही.”

“तुम्ही जायचं होतंत.”

“न बोलावता?” माझ्याकडे असं बघितलं, जसं मीच काहीतरी अमंगळ बोलले. मग कप खाली ठेवला. “जाणार होतो, वहिनी. रस्ता ओलांडला पण होता. जिन्यापाशी गेलो आणि वाटलं, वर जाऊन काय बोलायचं? मध्ये गल्ली नाही, काही नाही. समोरासमोर खुर्चीवर बसून त्या माणसाशी बोलायचं काय?” रिकामा कप पुन्हा उचलला. “येताना वर बघितलं तर गॅलरीच्या कठड्याला धरून उभे होते. बस वळेपर्यंत.”

दोघांचाही इतका संताप आला होता आणि इतकं रडू येत होतं की बटणांचे डबे उगाच पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी आगाशांनी फळा खिळ्यावर परत लावला. मजकूर तोच होता. पुसला नाही. खडू हातात घेऊन ते दारात उभे राहिले, समोर बघत. शंभूला ते बघवेना. तो मध्येच वाटेपर्यंत आला.

“काका, मला काही म्हणताय का?”

“नाही रे बाबा,” आगाशे म्हणाले. “तू समोरचा नाहीस.”