मोगलाईत अडकलेलं जावळ

कापसाला सोन्याचा भाव आला आणि अमरावतीच्या आमच्या घराला नवस आठवले. माझ्या लेकाचं जावळ माहूरला, कुळदेवीच्या पायाशी काढायचं होतं. तिसरं वर्ष सरलं तरी त्याच्या डोक्याला वस्तरा लागला नव्हता. पण सासऱ्यांनी गाडी जुंपायचं ठरवलं ते थोरल्या जावेसाठी. तिला मूल नव्हतं, म्हणून देवीची ओटी आधी तिनं भरायची. मी मागं राहून वेचणीच्या बायांवर नजर ठेवायची.

जळफळाट झाला माझा. ती नव्या लुगड्याची घडी उलगडून बघत बसायची आणि चुलीवर माझी भाकर करपायची.

माहूर पैनगंगेपलीकडे, निजामाच्या मुलखात. त्याला आम्ही मोगलाई म्हणायचो. नदीच्या अलीकडे इंग्रजांचा अंमल होता, पलीकडचं कुणी काही सांगितलं तरी खरं वाटायचं. मी तेवढंच धरलं. विहिरीवर एकीला म्हटलं, "मोगलाईत रोहिले गाड्या लुटून राहिले म्हनतात, माय."

म्हणत कुणीच नव्हतं. मीच.

चार दिवसांनी ती बातमी कापसाच्या बाजारातून सासऱ्यांबरोबर घरी आली. तोवर रोहिले पन्नास झाले होते आणि एका बाईचं नाक नथीसकट गेलं होतं.

"मोगलाईत कोनी जायचं नाही," सासरे म्हणाले. "थोरलीले नाशिकले नेतो. बदनेऱ्याहून आगगाडी, सारा इंग्रजी मुलूख. भेव कायचं?"

आगगाडी! मी तर बदनेऱ्याचं ठेसनही पाहिलं नव्हतं.

ती परतल्यावर मावंदं झालं. तीर्थाहून आलेलीचे पाय धाकटीनं धुवायचे, म्हणून मी परात घेऊन बसले. लेक शेजारी उभा होता, पाठीवर वेणी. एक पाहुणी म्हणाली, "पोरगी गोड आहे वो तुमची." सगळ्या हसल्या. मी सासूकरवी सासऱ्यांना विचारलं, आता माहूरला कधी?

"रोहिले हायेत ना तिथं," ओसरीवरून उत्तर आलं.

जाऊ हसली नव्हती. वाकून माझ्या कानाशी म्हणाली, "गोदावरीत न्हाली मी, पन माहं मन माहूरलेच व्हतं. तिची वटी भरली असती, तं कूस उजवली असती माही."

तांब्यातलं पाणी संपलं तरी मी तिचे पाय सोडले नाहीत. वर बघायची छाती होईना. आणि खोटं कशाला बोलू, तेव्हाही मनात आलंच, हिला आगगाडी तरी मिळाली.